कोपऱ्याशेजारचा खांब

गेलेल्या बापाचं तिसाव्या दिवसाचं जेवण उरकतंय न उरकतंय, तोच फिलिस्कोसने चारचौघांत त्याला चुकीचं ठरवलं. बापाने बांधलेला देवळाचा ओटा म्हणे आखूड. मधल्या खांबांतलं अंतर धरलं तर सहा खांब मावत नाहीत. खांबांसाठी बापाने केलेल्या खुणा त्याने घासून टाकल्या आणि अंतरं जरा कमी करून सगळी सारखी आखली. आईला विचारायचं तर नावच नाही.

त्याची आई तिमारेता टेकडी चढून आली तेव्हा कोपऱ्याशेजारच्या खांबाचा पहिला दगड दोरांवर लोंबकळत होता. ती सरळ त्याच्याखाली गेली आणि नव्या खुणेला खेटून फतकल मारून बसली.

"आई, ऊठ! वर काय आहे दिसत नाही?"

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे."

तिने पांघरुणातून लाकडी नमुने काढले. खांबांच्या वर, देवळाच्या कपाळावर जे तीन रेघांचे ठोकळे बसतात, त्यांचे. नवऱ्याच्या हातचे.

"मांड. तुझ्या खुणांवर."

फिलिस्कोस दातओठ खात गुडघ्यांवर बसला. प्रत्येक खांबाच्या खुणेवर एक ठोकळा, दोन खुणांच्या मध्ये एक. शेवटचा ठोकळा कोपऱ्याच्या खांबाच्या मधोमध आला आणि त्याच्या पलीकडे कोपरा वीतभर उघडा राहिला. दोर धरलेले गडी एकमेकांकडे बघू लागले. ठोकळा कोपऱ्यावर नसलेलं देऊळ त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

"समुद्रापलीकडे इओनियात सगळे खांब सारखेच लावतात," तो पुटपुटला. "तीन वर्षं तेच केलं मी."

"तिकडच्या देवळांना हे ठोकळे असतात?"

"नसतात."

"आता कोपऱ्यापासून मांड. दोन ठोकळ्यांमधली जागा सगळीकडे सारखी ठेव."

एक. दोन. तिसरा ठोकळा, कोपऱ्याशेजारच्या खांबावरचा, त्याच्या खुणेपासून चार बोटं कोपऱ्याकडे बसला. फिलिस्कोसने तो उचलला. खाली घासलेल्या दगडात बापाची रेघ अजून पुसट दिसत होती.

"काठाला दोरे दाटच घ्यावे लागतात," ती म्हणाली. "माझ्या मागावर रोज बघत होतास."

"मालक, हात भरून आले!" एक गडी ओरडला. दोर करकरला.

"आई, चुकलो. ऊठ आता."

"माझ्या कानात काय सांगतोस? बापाला खोटं पाडलंस ते या सगळ्यांसमोर, ओरडून. तसंच ओरडून सांग. मग उठते."