दुसरा निळा आयत

“मॅडम, हा दुसरा आयत कुठून आला?” चिमणीने पहिल्या बाकावरून विचारलं आणि फळ्यापाशी उभी असलेली ताई मनातल्या मनात हसली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

सराव पाठाच्या तासाला वर्गातले सगळे होऊ घातलेले शिक्षक नववीचे विद्यार्थी व्हायचे. त्यातल्या एकाने ‘ढ’ व्हायचं आणि मुलं हमखास अडतात तिथे अडायचं, हा सरांचा नियम. दुसऱ्यांदा समजावल्यावर ढ मान डोलावतो, हा नियम मात्र वर्गाने आपापसात केलेला. सरांना त्याचा पत्ता नव्हता. एकमेकांची लाज एकमेकांनी राखायची, इतकंच. आज पहिला पाठ ताईचा होता आणि ढ व्हायची पाळी चिमणीची.

आज सरांच्या शेजारी एका शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे गणित शिकवायची एक जागा होती आणि ती याच वर्गातून भरायची होती. ताईचा त्या जागेवर जीव होता. वर्गात वयाने सगळ्यांत मोठी तीच, म्हणून सगळ्यांची ताई. दोन्ही मुलं सासूच्या ओटीत घालून शिकायला आलेली. यंदा नाही जमलं तर घरी बस, असं नवऱ्याने गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. ही गोष्ट तिने एकट्या चिमणीला सांगितली होती. दोघींची खोलीही एकच, डबाही एकच. चिमणीपासून लपवायचं काय?

“हे बघ बाळा,” ताईने पुठ्ठ्याचे तुकडे फळ्यावर पुन्हा लावले. “अ आणि ब यांची बेरीज ही मोठ्या चौरसाची बाजू. आत अ-चा चौरस ठेवला, ब-चा ठेवला. तरी दोन जागा उरल्या ना? तिथे हे दोन निळे आयत. कळलं?”

आता मान डोलायला हवी होती.

“नाही कळलं, मॅडम.”

विसरली असेल, असं ताईला वाटलं. तिने खडूने आकृती काढून तिसऱ्यांदा सांगितलं.

“एक आयत ठीक आहे. पण दुसरा कशाला?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईने चिमणीकडे पाहिलं. चिमणी तिच्याकडे बघतच नव्हती. ती वळून मुख्याध्यापिकांकडे बघत होती. ताईने पुन्हा पुठ्ठ्यांना हात घातला, पण वेळ संपली.

“विद्यार्थी अडला तिथूनच पुढचा पाठ,” सर नेहमीसारखं म्हणाले. “कोण येतंय?”

सर विचारेपर्यंत चिमणी उठलीसुद्धा. बाकाखालून तिने गुंडाळलेला तक्ता काढला. पाच गुणिले पाच फरश्यांची जमीन, चार रंगांत, सुबक रंगवलेली. असा तक्ता घाईघाईत होत नाही. आणि खोलीवर तो ताईच्या नजरेला कधी पडला नव्हता.

पाठ संपवलेल्याने पुढच्या पाठाला ढ व्हायचं, अशी रीत होती. ताई पहिल्या बाकावर जाऊन बसली.

चिमणीने शिकवलं मात्र झकास. फरश्या मोजून घेतल्या, कुठल्या राहिल्या ते विचारलं, आणि शेवटी ताईच्याच पुठ्ठ्यातला निळा तुकडा फळ्यावरून काढून हातात धरला. “हा तो दुसरा आयत. कळलं?”

“नाही कळलं, मॅडम.”

चिमणीचा आवाज बारीक झाला. तिने पुन्हा सगळं सांगितलं आणि या वेळी थेट ताईकडे पाहिलं. त्या डोळ्यांत अजीजी होती. ताईला तिचा संताप संताप आला. अजून एक ‘नाही’ चिमणीला पाडायला पुरलं असतं.

ताईने मान डोलावली. ठरलं होतं ते ठरलं होतं.

मुख्याध्यापिका खूश होऊन पुढे आल्या. “वा! माझ्या वर्गात मी मुलांना एक प्रश्न नेहमी विचारते.” त्या ताईकडे वळल्या. “तुला हे नेमकं कधी कळलं गं? अगदी खरं सांगायचं हं.”

ताई विद्यार्थिनीसारखी उभी राहिली.

“रविवारी दुपारी, बाई. आमच्या खोलीवर. मी पुठ्ठ्यावर आखून देत होते आणि ही कापत होती. एक निळा आयत कापून झाल्यावर मी हिला कात्री ठेवायला सांगितली, तर हीच म्हणाली, ‘ताई, अगं थांब, अजून एक लागेल. नाहीतर कोपरा उघडा राहील.’”

वर्गात कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिकांनी हळूच वळून चिमणीकडे पाहिलं, मग तिच्या आधीच रंगवून आणलेल्या तक्त्याकडे. दुसरा आयत अजून तिच्या हातातच होता, आणि तो कुठे ठेवावा ते तिला सुचत नव्हतं.