निळ्या कोटांची पलटण

वहिनींनी पुठ्ठ्याचा खोका घड्याळजींच्या पलंगावर, अगदी पायांशी ठेवला.

"ह्यांचे शिपाई आहेत. रंगवायचे राहिलेत. माझ्या हातून काय होणार? तुम्हीच बघा, भाऊजी."

खोक्यात बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई होते. सगळे उघडेबोडके. घड्याळजींनी एक उचलून उजेडात धरला आणि त्यांना रडू कोसळलं.

जनरल गेल्यापासून त्यांनी दुकान उघडलं नव्हतं, की धड घास घेतला नव्हता. 'जनरल' हे त्यांनीच मित्राला ठेवलेलं नाव. एरवी त्या भल्या माणसाचं घरातलं मांजरही ऐकत नसे. पण दर रविवारी जेवणाच्या टेबलावर टेकड्या आणि नदी मांडून दोघं फासे टाकत, चिमुकल्या फौजा लढवत, तेव्हा त्याचा रुबाब बघण्यासारखा असे. दोघांचा नियम मात्र कडक होता: बिनरंगाचा शिपाई मैदानात उतरवायचा नाही.

"नवी पलटण आणतोय. तयार झाल्याशिवाय दाखवणार नाही. मग बघ तुझी कशी जिरवतो," असं जनरल सारखं ऐकवायचा. आणि एका सकाळी दाढी करता करता गेला.

त्याची पलटण न लढताच खोक्यात राहावी, हे घड्याळजींना सहन होईना. दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून, डोळ्याला लावायचं भिंग घेऊन जनरलच्या घरी हजर झाले.

"कोटाचा रंग कोणता करणार होता, काही बोलला होता का?"

"निळा," वहिनी म्हणाल्या. "कॉलर पिवळी. ढोलवाल्याची तेवढी लाल."

वहिनींना या खेळातलं ओ की ठो कळत नसे. जनरलनं कान किटेपर्यंत सांगितलं असणार, असं म्हणून घड्याळजींनी निळ्या रंगाची बाटली उघडली.

सुरुवातीला हात बसेना. घड्याळाचे केसाएवढे काटे बसवणारा माणूस, पण बटणावरचा ठिपका कोटभर पसरायचा. वहिनी समोर बसून बघत. "मिशी जरा बारीक हवी," एवढंच कधीतरी म्हणत. हळूहळू हात बसला. घड्याळजी जेवू लागले, दुकानाचं शटर वर जाऊ लागलं. "माझा माणूस मला परत मिळाला हो," म्हणत त्यांची बायको वहिनींच्या गळ्यात पडली. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहाचं आधण ठेवलं.

रविवारी घड्याळजींनी टेबलावर नदी मांडली. अलीकडे स्वतःची फौज, पलीकडे जनरलची निळी पलटण. फासे हातात घेतले, पण टाकवेनात. समोरची खुर्ची रिकामी होती आणि ती रिकामीच राहणार होती, हे त्यांना तेव्हा कुठे खऱ्या अर्थानं कळलं.

"त्याच्या हाताची सर नाही याला," ते डोळे पुसत म्हणाले. "निदान एक तरी शिपाई पुरा करून जायचा होता, वहिनी. त्याच्या हातचं तेवढं तरी राहिलं असतं आपल्याकडे."

वहिनींनी लाल कॉलरचा ढोलवाला उचलून हातात घेतला.

"सगळे पुरे केले होते त्यांनी," त्या म्हणाल्या. "मीच घासून काढले, भाऊजी. तुम्ही अंथरूण सोडत नव्हता ना."