मेमरी कोण खातंय?

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात ताई पाळीवर आल्या तेव्हापासून कॉम्प्युटर गोगलगायीच्या चालीने चालला होता. आता फोन आला आणि नकाशाच उघडला नाही तर गाडी पाठवायची कशी, म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं.

दुरुस्तीवाल्याने एकेक प्रोग्रॅम बंद करून पाहिला, तरी मेमरी भरतच चालली होती.

"हा काही विसरतच नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंवर गेलाय."

"सापडला चोर," तो हसून म्हणाला. "मघाच्या पाळीतला एका गाडीचा नकाशा मागे उघडा राहिलाय. गाडी जागची हलत नाहीये आणि हा बिचारा तिच्यासाठी सारखा नवा रस्ता शोधतोय. जुना एकही टाकत नाही. मारतो फुली."

"थांबा."

ताईंनी त्याचा हात धरला. चालकाचा ‘पोचलो’ असा फोन आला की मगच त्या गाडीचा नकाशा बंद करायचा, अशी इथली रीत होती. मघाच्या पाळीतल्या बाई मात्र "सगळं ठीक आहे" म्हणून घाईने निघून गेल्या होत्या.

ताईंनी चालकाला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

"दुसरी गाडी काढा," त्यांनी वायरलेसवर सांगितलं. "पुलाच्या वळणावर. नकाशावर पहिल्या गाडीचा ठिपका रस्त्याच्या खाली दिसतोय."

मग त्या दुरुस्तीवाल्याकडे वळल्या. "भाऊ, आता काहीही करा, पण हा नकाशा बंद पडू देऊ नका."