कोमट जेल

कॅनडातल्या सास्काटूनच्या इस्पितळात सोनोग्राफी करणारी कोलीन जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवायची. आजारी माणसाच्या अंगावर गार जेल ओतणं तिच्या जिवावर यायचं. म्हातारे ओरेस्त, तिने सोनोग्राफीवर दाखवलेल्या मानेच्या शिरेत नळी घालून घेतानाही, तिला म्हणाले होते, "इथे सगळ्यांचे हात बर्फाचे. तू तेवढी माणसातली आहेस, पोरी!"

पुढच्याच आठवड्यात रक्तात जंतू पसरून ओरेस्त गेले. तेच जंतू कोलीनच्या बाटलीत सापडले. अनेकांना वापरलेल्या त्या उघड्या बाटलीत, त्या कोमटपणातच ते वाढले होते. नळी घालताना जेलची निर्जंतुक, सीलबंद पुडीच फोडायला हवी होती. पण ती गार असते.

ओरेस्तची बायको दारिया त्यांचे कपडे न्यायला आली, तेव्हा सगळं खरं सांगायचं ठरवूनच कोलीन तिच्यासमोर बसली. तिने तोंड उघडण्याआधीच दारियाने पिशवीतून लोकरीचं विणलेलं काहीतरी चिमुकलं बाहेर काढलं.



"त्यांनीच विणायला लावलं गं. म्हणाले, त्या पोरीच्या बाटलीला स्वेटर कर, ऊब टिकेल."