मेलेल्या बॅटऱ्या

"मेली," उस्ताद म्हणाले आणि हातातली कॅमेऱ्याची बॅटरी त्यांनी दोघांमधल्या ताडपत्रीवर टाकली. "थंडीनं खाल्ली."

"मी घेऊ?" तिनं विचारलं.

"मेलेलीचं काय लोणचं घालणार? घे."

तिनं ती झटकन उचलून स्वेटरच्या आत, काखेत दाबून धरली. बॅटरी कोमट होती. उस्तादांच्या हाताची ऊब असणार.

समोर तळं गोठलेलं होतं आणि मधोमध बर्फाला एक भोक होतं. त्या भोकातून पाणमांजर वर येत असे. यंदा तिला पिल्लं झाली होती, पण पिल्लांसकट ती अजून कोणाच्या कॅमेऱ्यात आली नव्हती. प्राण्यांच्या फोटोंसाठी नावाजलेले उस्ताद तीन हिवाळे तिच्या मागावर होते. हिची मात्र तीनच दिवसांची रजा होती आणि आज तिसरा दिवस.

ती पासपोर्ट फोटोच्या दुकानात काम करायची. 'हनुवटी वर, हसू नका' हे वाक्य दिवसातून साठ वेळा म्हणून ती विटली होती. संग्रहालयाला वर्षभरासाठी फोटोग्राफर हवा होता आणि अट एकच होती: या तळ्याचा हिवाळ्यातला, आजवर कोणी न काढलेला एक फोटो, उद्या दुपारपर्यंत. हा फोटो हुकला की पुन्हा हनुवट्या.

पहिल्याच दिवशी उस्तादांनी तिच्या हातातला कॅमेरा निरखून पाहिला होता. "माझ्याच कंपनीचा की. मॉडेल जुनं आहे, पण बॅटरी तीच लागते. किती आहेत?"

"दोन," ती ओशाळून म्हणाली होती.

त्या दोन्ही जुनाट होत्या. आज दहा वाजताच त्यांनी मान टाकली. काखेत धरून ऊब दिली की जेमतेम चार-पाच फोटो निघायचे, आणि परत राम म्हणायच्या. पण त्यातून तिला एक गोष्ट कळली होती. थंडीत बॅटरी मरत नाही, नुसती आखडते. ऊब मिळाली की पुन्हा उठून बसते.

वीस मिनिटांनी तिनं उस्तादांची बॅटरी कॅमेऱ्यात घातली. पडद्यावर तिन्ही रेघा भरलेल्या! तिला हसूच फुटलं. एवढा मोठा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही. मोठ्या माणसांना नवी वस्तू काढायची सवय, जुनी जगवायची कुठून असणार?

बाकी उस्तादांकडे बघत राहावं असंच होतं. ते तासन् तास बसत, पण ताडपत्री कधी करकरायची नाही. श्वास सोडताना तोंड बाजूला वळवत, भिंगावर वाफ धरू नये म्हणून. बर्फावरचा एक ओरखडा पाहून ते म्हणाले, "सकाळी एकटीच येऊन गेली. पिल्लांना घेऊन येईल ती ऊन उतरल्यावर." पस्तीस वर्षं या माणसानं हेच केलं होतं. आपल्याला याच्या निम्मं जरी आलं तरी जन्माचं सोनं होईल, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

दुपारी दोनला ते पाठमोरे झाले, जाकिटात हात घालून काहीतरी खुडबुडले. "ही पण गेली. घे, पासपोर्टबाई, तुझ्या लोणच्याला."

तिनं घेतली. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं, पण तोंड उघडवेना.

चार वाजता तिसरी पडली. "शेवटची," उस्ताद म्हणाले. "आपलं दुकान बंद." आणि कॅमेरा मांडीवर ठेवून ते नुसते बघत बसले.

ऊन उतरलं. भोकात पाणी हललं. आधी मिशा दिसल्या, मग पाणमांजर वर आली. तोंडात मासा होता आणि मागे धडपडत, घसरत दोन पिल्लं. तिनं श्वास रोखला आणि बटण दाबून धरलं. चाळीस फोटो झाले, पण बॅटरी जराही कुरकुरली नाही.

पिल्लं पाण्यात गेल्यावर तिनं वळून पाहिलं. उस्तादांचे डोळे भरून आले होते.

"तीन हिवाळे," ते म्हणाले. "दिसली बाबा एकदाची. तुला मिळाला?"

तिनं पडदा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "छान. आता कॅमेरा पिशवीत घालून गच्च बांध. घरी गेल्यावर दोन तास उघडू नकोस, आत पाणी धरेल."

नोकरी मिळाली. पण तिला घास गोड लागेना. पंधरा दिवसांनी तीन बॅटऱ्या रुमालात बांधून तिनं उस्तादांचं घर गाठलं. ते बाहेर गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं, हातात सुई-दोरा आणि खांद्यावर उस्तादांचं जाकीट.

"काकू, या त्यांच्या बॅटऱ्या." उंबऱ्यातच तिचा बांध फुटला. "मेल्या नव्हत्या या. मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही. त्यांचा तीन वर्षांचा फोटो माझ्यामुळे गेला हो."

काकूंनी तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मग खांद्यावरचं जाकीट टेबलावर उलटं पसरलं. आत छातीपाशी ओळीनं सहा खिसे शिवलेले होते, लोकरीचे, प्रत्येकी एका बॅटरीच्या मापाचे. तीन भरलेले होते.

"रिकाम्या तीनमध्ये ठेव," काकू म्हणाल्या. "आणि तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. मागच्या हिवाळ्यातल्या मुलानंही मला तसाच शब्द दिलाय."