दार लावून घ्या

पाळकसाहेबांनी पिशवी पुन्हा झटकली. द्राक्षरसाची बाटली होती, पवित्र शास्त्र होतं, पण पाव नव्हता. पुण्याहून येताना तो गाडीतच राहिला होता. पिंपरीच्या माळावरच्या या नव्या चाळीत नाताळच्या सकाळी पाव मिळणार तरी कुठून?

ज्योतीरामच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली ख्रिस्ती कुटुंबं हिरमुसली. बहुतेक सगळी नगरकडून औषधाच्या कारखान्यात कामाला आलेली. पंचावन्न सालचा हा त्यांचा इथला पहिलाच नाताळ, आणि तोच प्रभुभोजनाशिवाय, येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटून घेतल्याशिवाय, जायची वेळ आली.

"बाजरीची भाकरी चालंल का?" चुलीपाशी बसलेल्या ज्योतीरामच्या आईनं, सुभद्राबाईंनी विचारलं. "आत्ताच टाकलीया."

"न चालायला काय झालं?" पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "पहिल्या ख्रिस्ती मंडळीला तरी देवळं कुठं होती? रोमी राजाच्या भीतीनं घराघरांत जमायचे आणि घरात असेल तीच भाकर मोडायचे. नाताळ तर पुढं तीनेकशे वर्षांनी आला. इंग्रज ख्रिसमस म्हणतात, म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा, प्रभुभोजनाची उपासना. हा मिस्सा शब्द मूळचा लॅटिन, निरोपाचा. भाकर मोडायच्या आधी, बाप्तिस्मा न झालेल्यांना निरोप देऊन बाहेर पाठवत. मग दाराशी उभा असलेला माणूस दार लावून घेई."

माणूस बोलायला गोड, पण नियमाला पक्का. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आपणही ती रीत पाळतो. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांनी बाहेर थांबावं."

असं माणूस खोलीत एकच होतं. सुभद्राबाई पदराला हात पुसत उठल्या.

ज्योतीरामनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा चऱ्होलीच्या भावकीनं आईला सांगितलं होतं, एक तर पोरगा, नाहीतर आम्ही. तिनं गाठोडं उचललं आणि पोराकडं आली. त्यानंतर गावात तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"पाळकसाहेब, भाकर तिनंच भाजलीया," तो म्हणाला.

"उपकार आहेत त्यांचे. पण आज तुमच्या आईसाठी नियम सोडला, तर उद्या कुणाला लावू?" पाळकसाहेबांना बोलताना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. तरी ते बोलले.

"असू दे रं," सुभद्राबाई म्हणाल्या. "मला सवय हाय." आणि बाहेर जाऊन गार पायरीवर बसल्या.

पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट पुढं ओढलं. "ज्योतीराम, दार लावून घ्या."

दाराजवळ तोच होता. तो उठला. त्यानं कडीला हात घातला. कुणी त्याच्याकडं बघेना. मग उंबरा ओलांडून तो बाहेर गेला आणि दार त्यानं बाहेरून ओढून घेतलं.

आत गीत सुरू झालं.

"येड्यावानी करू नगंस, आत जा," सुभद्राबाई म्हणाल्या. "ही माणसं बी तुला टाकतील."

त्यानं दाराकडं पाठ केली.

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि पायरीवर थोडं सरकून त्याला जागा केली.