हरिहर मास्तरांच्या लष्करी गाड्या

"काढा, सगळ्या गाड्या बाहेर काढा!" अब्दुल गफ्फार हवालदार दारातूनच गरजला, आणि हरिहर मास्तरांना इतका आनंद झाला की 'बसा' म्हणायचंही सुचलं नाही.

तक्रारच तशी आली होती. लढाईचे दिवस. अकोल्याच्या स्टेशनावरून रोज लष्करी गाड्या जायच्या, आणि हे पेन्शनीत निघालेले ड्रॉइंग मास्तर फलाटावर उभे राहून वहीत त्यांचे डबे काढून घ्यायचे. कोणीतरी चौकीवर कळवलं, शत्रूचा हेर आहे म्हणून. आता जुन्या शहरातल्या त्या गल्लीत मास्तरांकडे दूधवाल्याशिवाय चिटपाखरू फिरकत नसे, तिथे शत्रू कुठून येणार? पण चौकशी ती चौकशी; हवालदाराला वहीतल्या गाड्या हव्या होत्या.

मास्तरांनी आतली खोली उघडली. हवालदार उंबऱ्यातच थबकला. दोन टेबलं जोडून वर माती थापलेली. टेकड्या, नदी, नदीवर पूल. आणि तारेच्या रुळांवर बोटभर उंचीच्या आगगाड्या. सिगारेटच्या डब्यांचा पत्रा कापून केलेले डबे, त्यांना सदऱ्याच्या बटणांची चाकं. तोफांची गाडी, जवानांची गाडी, लाल फुलीचा दवाखान्याचा डबा.

"हा रंग पाहा," मास्तर म्हणाले. "रामरजच्या पिवळ्या मातीत काजळी घातली तर हिरवट येते. खरा असा मळका असते. तीनदा खरवडला मी. त्याच्यासाठीच तर जातो स्टेशनावर."

हवालदाराने एका डब्यावर बोट ठेवलं. आवाज मुद्दाम कडक केला. "या ताडपत्रीखाली काय हाय?"

"मले काय माहीत? तिथे झाकलेलं होतं. मी ताडपत्रीच रंगवली."

हवालदाराला हसू आवरेना. तेवढ्यात मास्तरांनी त्याच्या हातात कवड्या दिल्याही. कवड्या पडतील तेवढी गाडी पुढे न्यायची, ज्याची फौज आधी पुलावर उतरेल त्याचा पूल. "तुम्ही निळे घ्या. मी लाल."

"रोज कोन घेते निळे?"

"मीच. इकडून टाकतो, मग फिरून तिकडे जातो आन् तिकडून टाकतो."

"मंग जिंकते कोन?"

"मीच. आन् हरतोही मीच."

मास्तर हे हसत सांगत होते, पण हवालदाराला ते ऐकवेना. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

गडी मोठा चिवट निघाला. तोफांची गाडी मागे ठेवून त्याने जवानांची गाडी एकदम पुढे दामटली. "अरे बाप रे! हे मले सुचलंच नसतं!" मास्तर ओरडले. त्यांना सुचलं नव्हतं असं त्या टेबलावर आजवर काही घडलंच नव्हतं. दोन तासांनी निळ्यांनी पूल घेतला, आणि हरल्याच्या खुशीत मास्तरांनी स्वतः चहा टाकला.

चहा पिऊन हवालदाराने खिशातून कागद काढला, पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "घरात खेळणी आहेत. इसम सज्जन आहे. काही संशय नाही." मग तो उठला. "झालं, मास्तर. आता कोनी तरास देनार नाही तुमाले."

"पुढच्या चौकशीले कधी येता?"

"आता काहून येऊ? काम संपलं ना."

तो कागदाची घडी घालू लागला. मास्तरांनी कागदाचं एक टोक पकडलं, ते काही सोडेनात.

"थोडा संशय राहू द्या ना, हवालदारसाहेब."